काट्याची भाषा

आमच्या 1968 सालच्या फियाट 1100 मध्ये एक जादा काटा आहे. कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सने बनवलेल्या या गाडीत इंजिनचे फेरे मोजणारे मीटर मुळात नव्हते. अप्पांनी पुढे कधीतरी मुंबईच्या चोरबाजारातून स्मिथ्सचे एक जुने आरपीएम मीटर आणले आणि डॅशबोर्डखाली पट्टी मारून बसवून घेतले. खरे तर त्यांना त्याची गरज नव्हती. इंजिनच्या आवाजावरून ते गिअर बदलत. काटा आपला शोभेला.

आज अप्पा पंच्याऐंशीच्या पुढे आहेत. गाडी मी चालवतो, ते शेजारी बसतात. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही आणि श्रवणयंत्रात वाऱ्याखेरीज काही शिरत नाही. त्यामुळे गेली काही वर्षे त्यांचे डोळे त्या काट्यावर खिळलेले असतात. काटा चढला की त्यांना इंजिन ‘ऐकू’ येते.

अडचण सुरू झाली ती सीबी पॉइंटवरून. चांगले पॉइंट मिळेनात. मिळाले ते दोन-तीन महिन्यांत जळू लागले. मिस्त्रींच्या सल्ल्याने इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा एक डबा बसवला. पॉइंट जागच्या जागी राहिले, पण आता त्यांच्यातून नाममात्र करंट जातो, त्यामुळे ते जळत नाहीत. गाडी थंडीतही अर्ध्या चावीत सुरू होऊ लागली. फक्त काटा शून्यावर पडून राहिला.

अप्पांनी काचेवर टिचकी मारली. मग माझ्याकडे वळून विचारले, “इंजिन चालू आहे ना रे?”

हा प्रश्न माझ्या मनातून जाईना.

मिस्त्रींनी मीटर काढून उलटेपालटे केले आणि म्हणाले, “मीटर सत्तिल्री सर. अदक्क भाषा तिळीवल्दु.” मीटर मेलेले नाही, त्याला भाषा कळेनाशी झाली आहे. आमच्या भौतिकशास्त्राच्या सरांना हे निदान सांगितले तेव्हा ते म्हणाले, याहून नेमके वर्गात मलाही सांगता आले नसते.

आपल्याला वाटते मीटर इंजिनचे फेरे मोजते. ते इंजिनकडे बघतही नाही. इग्निशन स्विचकडून कॉइलकडे जाणाऱ्या वायरचा एक वेढा या जातीच्या मीटरच्या पाठीमागून जातो. पॉइंट मिटले की त्या वायरमधून तीन-चार अँपिअर करंट वाहतो, उघडले की थांबतो. मीटर हे ठोके मोजते. चार सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्याला दोन ठिणग्या पडतात, म्हणजे मिनिटाला 3000 फेऱ्यांवर सेकंदाला 100 ठोके. आमचा नवा डबा मात्र बॅटरीकडून आपल्या चालीने करंट घेतो, एका कपॅसिटरमध्ये चारशेच्या आसपास व्होल्टने साठवतो आणि ऐन वेळी कॉइलमध्ये ओततो. मीटरमागच्या वायरमधले ते ठोके गेले. मग काटा काय सांगणार?

डब्याला आरपीएम मीटरसाठी वेगळे टोक होते. पण त्यावर व्होल्टेजचे ठोके येतात आणि आमच्या मीटरला समजतात ते करंटचे. नव्या जातीचे मीटर त्या टोकाला सरळ जोडता आले असते. अप्पांना मात्र तीच तबकडी हवी होती. नव्या आकड्यांची सवय करायचे हे वय नव्हे.

माझी बायको धारवाडकडची. लग्नानंतर वर्षभर आई आणि ती यांच्यामध्ये मी दुभाष्याचे काम केले आहे. त्यामुळे सरांनी “मध्ये दुभाष्या लागेल” म्हटल्यावर मला लगेच पटले. त्यांचा दुभाष्या म्हणजे एक ट्रान्झिस्टर आणि 39 ओहमचा, 10 वॉटचा रेझिस्टर. डब्याच्या टोकावर ठोका आला की ट्रान्झिस्टर सुरू होतो आणि मीटरमागच्या वेढ्यातून थोडा करंट सोडतो. हा करंट जेमतेम 0.3 अँपिअर. म्हणून एका वेढ्याऐवजी दहा वेढे घातले. एका वेढ्यातले 3 अँपिअर आणि दहा वेढ्यांतले 0.3 अँपिअर, मीटरला सारखेच.

काटा खरे बोलतो की नाही हे पडताळण्याची युक्ती तर घरातल्या विजेतच होती. आपली वीज सेकंदाला 50 आवर्तनांची. लहान ट्रान्सफॉर्मरवर ती उतरवून एका डायोडमधून ट्रान्झिस्टरला दिली की सेकंदाला 50 ठोके, म्हणजे काटा 1500 वर हवा. चार डायोडच्या ब्रिजमधून, कपॅसिटर न लावता दिली की 100 ठोके, म्हणजे 3000. स्वयंपाकघरातल्या टेबलावर मीटर ठेवून आम्ही हे केले. 1500 वर काटा नेमका थांबला, 3000 वर केसभर पुढे गेला. मीटरच्या आतल्या छोट्या स्क्रूने तो फरकही काढला. गाडीत जोडताना सिग्नलची वायर प्लगच्या वायरींपासून दूर ठेवली, नाहीतर काटा उगाच थरथरतो.

त्यानंतरच्या रविवारी निपाणीकडे निघालो. तवंदी घाटाच्या चढाला गाडी जड झाली, काटा खाली उतरू लागला. मी स्टिअरिंगजवळच्या दांड्याकडे हात नेण्याआधीच शेजारून आवाज आला, “थर्ड टाक.”

ऐकू येत नसलेल्या माणसाने इंजिनची धाप ओळखली होती. घरातली म्हातारी माणसे गप्प झाली की आपण म्हणतो, त्यांना आता काही कळत नाही. कित्येकदा त्यांना सगळे कळत असते. बदललेली असते ती आपली बोलण्याची रीत, आणि मध्ये एक छोटासा दुभाष्या बसवण्याची तसदी कोणी घेतलेली नसते.