इतवारी ते इतवारा

पुण्याहून भाचीचा फोन आला. "मावशी, आम्ही दोघं चार दिवस तुझ्याकडे येतोय. सांची मागच्या खेपेला पाहिली. आता भोपाळात पाहण्यासारखं काय आहे, ते दाखव."

प्रश्न साधाच होता; पण उत्तर द्यायला मला अंमळ वेळ लागला. सात वर्षांची असल्यापासून मी या गावात राहते. शाळा इथली, नोकरी इथली, संसार इथला. तरीही आमच्या घरी पाहुणे आले की त्यांना गावाबाहेर नेण्याचीच रीत होती. एके दिवशी सांची. दुसऱ्या दिवशी भोजपूरचे अपुरे राहिलेले शिवमंदिर आणि भीमबेटका. तिथल्या गुहांतील चित्रे १९५७ साली प्रकाशात आणणारे विष्णु श्रीधर वाकणकर आपल्यापैकीच, हे सांगताना आमच्या वडिलांची मान ताठ होत असे. उरलेल्या संध्याकाळी बड्या तलावाकाठी फेरफटका, न्यू मार्केटमध्ये एखादी चंदेरी किंवा माहेश्वरी साडी, आणि पाहुणे गाडीत बसत. जुने शहर आमच्या कार्यक्रमात कधी नव्हतेच.

याचे कारण शोधायचे तर १९५६ पर्यंत मागे जावे लागेल. त्या वर्षी १ नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली. नागपूर आणि विदर्भ मुंबई राज्यात गेले, नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला आली, आणि नागपूरच्या सचिवालयातील कितीतरी मराठी कुटुंबांची बिऱ्हाडे फायलींच्या गठ्ठ्यांमागोमाग इकडे हलली. आमचे बिऱ्हाड त्यांतलेच एक. आईने एक मोठी लोखंडी ट्रंक न उघडता तशीच ठेवली. "दोन-चार वर्षांत परतच जायचं आहे," असे वडील म्हणत. त्या ट्रंकेवर पुढे गादी पडली, मग रेडिओ आला, मग आमची लग्ने झाली.

आम्हांला सरकारी क्वार्टर मिळाले ते तात्या टोपे नगरात. सगळे भोपाळ त्याला 'टीटी नगर' म्हणते. वडील मात्र टांगेवाल्यालाही पूर्ण नाव सांगत. १८५९ साली शिवपुरीला फासावर गेलेल्या त्या मराठी वीराचे नाव आपल्या पत्त्यात आहे, हा परप्रांतात त्यांना मोठाच आधार वाटे. गणपती बसत, हळदीकुंकवे होत, कोणाच्या ना कोणाच्या घरी नागपूरची संत्री येत. वाणसामान न्यू मार्केटमध्ये मिळे. तलावापलीकडे जायचे कारणच पडत नसे. ती क्वार्टरे आता बहुतेक पाडली गेली. स्मार्ट सिटीच्या नकाशात आमच्या अंगणातले सीताफळाचे झाड कोठे बसते, ते मला अजून उलगडलेले नाही.

असो. पाहुणे आले. पहिला दिवस मी सोपा ठेवला, म्हणजे श्यामला हिल्सचा. भारत भवन रस्त्यावरून जवळजवळ दिसतच नाही. चार्ल्स कोरियांनी ते टेकडीच्या उतारात असे बसवले आहे की आपण गच्चीवर आलो असे वाटते, आणि पायऱ्या उतरत उतरत चौकांत, दालनांत शिरावे तो समोर तलाव उघडतो. १३ फेब्रुवारी १९८२ रोजी इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. भाचीला मी भूरीबाईंची हकीकत सांगितली. झाबुआकडच्या या भिल्ल बाई इमारतीच्या बांधकामावर मजूर होत्या. चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांनी त्यांच्याकडून कागदावर चित्रे काढून घेतली, आणि २०२१ साली त्याच भूरीबाईंना पद्मश्री मिळाली. पाटणगढच्या जनगढसिंह श्याम यांचेही असेच. गोंडांच्या भिंतीवरची चित्रे कागदावर आली ती त्यांच्या हातून. जवळच २०१३ साली उघडलेले जनजातीय संग्रहालय आहे. त्याचे वर्णन करायला मी बसत नाही. तेथे घड्याळ पाहू नये एवढेच सांगते. मानव संग्रहालयाच्या मोकळ्या आवारातली निरनिराळ्या प्रांतांची घरे पाहता पाहता जावईबापू दमले आणि एका ओसरीवर चक्क आडवे झाले.

त्या रात्री जेवणे आटोपल्यावर भाची हळूच म्हणाली, "मावशी, मी खरं तर दादाचा निरोप घेऊन आले आहे." दादा म्हणजे माझा मुलगा. तो पुण्याला असतो. त्याचे म्हणणे असे की आता हे अरेरा कॉलनीतले घर विकावे आणि मी तिकडे यावे. "आपल्या माणसांत," हे त्याचे शब्द. ते गेल्यापासून मी एकटीच असते. तेव्हा त्याचे काही चूक नाही. मी म्हटले, "उद्या जुन्या शहरात जाऊन येऊ. मग बोलू."

सकाळी निघताना मी कपाटातून आईचा बटवा काढून पर्समध्ये टाकला. काळ्या मखमलीवर बारीक मण्यांचे काम केलेला, रेशमी गोंड्यांचा अस्सल भोपाळी बटवा. मणी जागोजागी गळले आहेत.

कमला पार्कपाशी डावीकडे बडा तलाव आणि उजवीकडे छोटा, असे दोन्ही एकदम दिसतात. मोठा राजा भोजाचा, अकराव्या शतकातला. २०११ पासून त्याचे सरकारी नाव भोजताल आहे, पण म्हणतात सगळे बडा तलावच. जावईबापू शनिवार पेठेतले. त्यांनी लगेच बाजीराव काढला. खरेच आहे ते. १७३७ च्या डिसेंबरात पहिल्या बाजीरावाने निजामाला याच भोपाळात कोंडला, आणि पुढच्या जानेवारीत दुराहा-सराईच्या तहाने माळवा पदरात पाडून घेतला. मी त्यांना म्हटले, "दुसरी गोष्टही ऐकून ठेवा. १८१२-१३ मध्ये शिंद्यांच्या आणि नागपूरकर भोसल्यांच्या फौजांनी या गावाला कित्येक महिने वेढा घातला होता. वजीर मोहम्मद खानाने गाव सोडले नाही. वेढा उठवून परत जावे लागले ते आपल्याला." ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकात प्रथम वाचली नव्हती. ती कोणी सांगितली, ते पुढे येईलच.

आधी ताजुल मशीद पाहिली. माझ्या लहानपणी ती अपुरीच उभी होती. शाहजहान बेगमेने ती आरंभली, पैशांअभावी काम थांबले, १९७१ मध्ये पुन्हा सुरू झाले आणि १९८५ मध्ये संपले. भारतातील अगदी मोठ्या मशिदींत तिची गणना होते. जवळच हमीदिया रुग्णालयाच्या आवारात, फतेहगढाच्या बुरुजावर, अडीच पायऱ्यांची एवढीशी मशीद आहे. ती या गावातली सर्वांत जुनी. १८१९ ते १९२६ या काळात, मधला अल्प अवधी सोडला तर, येथे चार बेगमांनी पाठोपाठ राज्य केले, हे ऐकून भाची रस्त्यातच थांबली. कुदसिया बेगमेचा तलावाकाठचा गोहर महाल, तिनेच बांधलेली चौकातली जामा मशीद, सिकंदर बेगमेची मोती मशीद, हे सगळे चालत पाहता येते. गोहर महालात अधूनमधून हातमागाच्या आणि हस्तकलेच्या जत्रा भरतात. साडी घ्यायचीच असेल तर विणकराकडून तिथे घ्यावी.

चौकात शिरलो आणि मोहल्ल्यांची नावे कानांवर पडू लागली. इतवारा, सोमवारा, मंगळवारा, बुधवारा, जुमेराती. पुण्याच्या पेठा जावईबापूंना आठवल्या; मला आठवले आमचे नागपूर. तिथली इतवारी, बुधवारी, शुक्रवारी! आई पहिल्यांदा इकडे आली तेव्हा "अगं, इथंही इतवारी आहे!" म्हणून लहान मुलीसारखी हरखली होती. वडील गेले नाहीत, पण ती मला घेऊन महिन्यातून एकदा इकडे येऊ लागली. त्या काळी आमच्या वसाहतीतल्या बायकांना याचे नवलच वाटे. भोपाळची ओळख म्हणून जर्दा, गर्दा आणि पर्दा या तीन गोष्टी सांगून मंडळी हसत. आणि त्या तिन्हींना ओलांडून ही नागपूरची बाई मणी घ्यायला जाते कशी?

लखेरापुऱ्याच्या एका बोळात बटवे करणारी एक वयस्क बाई बसे. आई तिला खाला म्हणे, ती आईला 'नागपुरवाली'. तिनेच तो वेढ्याचा इतिहास आम्हांला सांगितला. तटावरून बायकांनीही दगड मारले होते म्हणे. "तुम्हारी फ़ौज पर हमारी परदादियों ने पत्थर बरसाए, और मैं तुम्हें बटुए बेच रही हूँ!" असे म्हणून ती जी हसली, तिच्याबरोबर आईही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. पुढच्या खेपेला आई तिच्यासाठी सहा संत्री घेऊन गेली. वेढ्याची भरपाई म्हणून! ही ये-जा वीसएक वर्षे चालली. मग आईचे गुडघे दुखू लागले आणि ती थांबली.

१९८४ च्या २ आणि ३ डिसेंबरच्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला. गावाच्या ५६ प्रभागांपैकी ३६ वायुग्रस्त ठरले. आमची अरेरा कॉलनी त्यांत नव्हती. जुने शहर होते. आम्ही दारे-खिडक्या लावून बसलो आणि सकाळी बातम्या ऐकल्या. आठ-दहा दिवसांनी आई म्हणाली, "त्या खालाकडे जाऊन ये गं." मी हो म्हटले. महिन्याभराने तिने पुन्हा विचारले. शाळेचे निमित्त होते, मुलाच्या परीक्षेचे होते. खरे सांगायचे तर मला भीती वाटत होती. हवेची नव्हे, त्या बोळात जाऊन काय कळेल याची. तिसऱ्यांदा आईने विचारले नाही. १९८८ मध्ये ती गेली. तेव्हापासून चौकात मी अनेकदा आले असेन, त्या बोळात एकदाही वळले नाही.

भाचीला हे मी तिथेच, गर्दीत उभी राहून सांगितले. ती काही बोलली नाही. माझा हात धरून तिने मला बोळात नेले.

तिथे आता तयार कपड्यांची आणि खोट्या दागिन्यांची दुकाने आहेत. एका दुकानात बटवे टांगलेले दिसले. मालक सत्तरीचे असावेत. त्यांच्या हाती मी आईचा बटवा दिला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो उलटासुलटा पाहिला, शिवण नखाने चाचपली आणि म्हणाले, "हे घरात बसून केलेलं काम आहे. अशी आता थोडी राहिलीत." मी त्या खालाबद्दल विचारले. कुठे बसे, कशी दिसे, हसताना पदर तोंडाशी कसा नेई, ते सगळे सांगितले. त्यांनी शांतपणे विचारले, "नाव काय होतं?"

मला नाव ठाऊक नव्हते. वीस वर्षांत आईने तिला कधी नाव विचारले नव्हते, की मी विचारले नव्हते. आणि तिलाही आमचे ठाऊक नसावे. ती आम्हांला आम्ही सोडून आलेल्या गावाच्या नावाने ओळखत होती.

त्यांनी बाके सरकवून आम्हांला बसवले आणि चहा मागवला. जुन्या भोपाळचा, चिमूटभर मिठाचा. जावईबापूंनी पहिल्या घोटाला तोंड केले आणि दुसरा पेला मागितला. मग मालकांनी आदबीने विचारले, "आप लोग बाहर से तशरीफ़ लाए हैं?"

"ये दोनों पूना से आए हैं," मी म्हटले. "मैं यहीं की हूँ." हे वाक्य मी याआधी कोणाला म्हटल्याचे मला स्मरत नाही. आजवर मी "वैसे तो हम नागपुर के हैं" असेच म्हणत आले.

बटव्याचे गळलेले मणी बसवून देणारी एक म्हातारी बाई बुधवाऱ्यात आहे, ती जुन्या कारागिणींना ओळखते, असे ते म्हणाले. या आठवड्यात ती मुलीकडे गेली आहे. पुढच्या बुधवारी या, मी पोरगा बरोबर देईन. मी बटवा त्यांच्याकडेच ठेवून आले. पावती त्यांनी दिली नाही, मी मागितली नाही.

परतताना कमला पार्कपाशी भाचीने रिक्षा थांबवली. तलावावर ऊन उतरले होते. "मग दादाला काय सांगू?" तिने विचारले.

मी म्हटले, "सांग, पुढच्या बुधवारी मावशीला बुधवाऱ्यात जायचंय. त्यानंतर फोन कर म्हणावं."