गियोनच्या गल्लीत एक संध्याकाळ

आमचा पुतण्या ओसाकाला नोकरीला आहे. तीन वर्षे तो "चाचा-चाची, एकदा तरी या" म्हणत होता. यंदा दिवाळीच्या सुट्टीत अखेर जमले. पण त्याने पाठवलेल्या कार्यक्रमात क्योटोच्या दिवसापुढे लिहिले होते : संध्याकाळी गेइशांच्या मोहल्ल्यातून वाटाड्यासोबत पायी फेरी आणि जेवण. ते वाचून थोरल्या आपा म्हणाल्या, "तौबा! तुम्ही मास्तर माणसे, आणि तसल्या वस्तीत फिरायला जाणार? शाळेत मुलांना काय सांगाल?"

खरे सांगायचे तर शंका आमच्याही मनात होती. पुतण्या फोनवर हसला. "चाची, आधी बघा तर खरे. मग आपांना तुम्हीच समजवा." ती फेरी आम्ही केली. आपांना काय सांगितले आणि मुलांना काय सांगितले, तेच येथे लिहीत आहोत.

क्योटो हे इ. स. ७९४ पासून १८६८ पर्यंत, म्हणजे हजारभर वर्षे, जपानच्या बादशहाची राजधानी होते. शहरातून कामो नदी वाहते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. आम्ही नदीकाठी एका बाजूला चादर अंथरून मगरिब अदा केली. शेजारून सायकली जात होत्या, कोणी वळून पाहिले नाही. मग शिजो पुलावर आलो. तिथे आमची वाटाडी बाई छोटासा झेंडा घेऊन उभी होती. पन्नाशीची, हळू बोलणारी, इंग्रजी सावकाश पण स्वच्छ. आमच्यासह आठजण होते.

पुलाजवळ ओकुनी नावाच्या नर्तकीचा पुतळा आहे. १६०३ साली याच नदीकाठी तिने नाच केला आणि त्यातून काबुकी हा नाट्यप्रकार जन्मला असे मानतात. पुढे १६२९ मध्ये सरकारने बायकांना रंगमंचावर बंदी केली. तेव्हापासून काबुकीत स्त्रीची भूमिकाही पुरुषच करतात. समोरच मिनामिझा हे काबुकीचे जुने थिएटर आहे. पूल ओलांडून पुढे गेले की गियोन लागते. हे नाव आपल्याकडचेच आहे म्हणायला हरकत नाही. श्रावस्तीच्या जेतवन विहाराला जपानी भाषेत गियोन म्हणतात, त्यावरून ते पडले.

चालता चालता बाईंनी शब्द समजावले. 'गेइ' म्हणजे कला, 'शा' म्हणजे व्यक्ती. गेइशा म्हणजे कलावंत. क्योटोत तिला गेइको म्हणतात आणि शिकाऊ मुलीला माइको. क्योटोत असे पाच मोहल्ले आहेत आणि त्यांत गेइको-माइको मिळून आज तीनशेही नाहीत. आपल्या नववीएवढे सक्तीचे शिक्षण संपले की, पंधराव्या वर्षाच्या आसपास, मुलगी एका घरात राहायला येते. त्या घराच्या मालकिणीला ती 'आई' म्हणते आणि आधीच्या मुलींना 'ताई'. पाचेक वर्षे नाच, तीन तारांचे शामिसेन वाद्य, चहाचा रिवाज, बोलणे-चालणे शिकते. या काळात पगार नसतो. जेवण, कपडे, शिकवणीचा खर्च घर उचलते आणि वरखर्चाला थोडे पैसे देते. माइकोचा अंबाडा तिच्या स्वतःच्या केसांचा असतो. तो मोडू नये म्हणून ती रात्री उंच उशीवर मान टेकून झोपते.

या कलावंतांना ऐकायचे-पाहायचे तर चहाघरात जावे लागते आणि तिथे ओळखीशिवाय प्रवेश नाही. पैसे कितीही असोत, जुन्या गिऱ्हाइकाने शिफारस केली पाहिजे. नवा माणूस चुकला तर त्याची जबाबदारी शिफारस करणाऱ्यावर येते. आपल्याकडे सोयरीक जुळवताना मध्यस्थाची जी अब्रू पणाला लागते, तसेच.

आपांचा प्रश्न आम्ही जरा आडवळणाने विचारला. बाईंना तो नवा नव्हता. त्या म्हणाल्या, "गेइकोचे काम नाच-गाणे आणि पाहुण्यांचे आदरातिथ्य. देहविक्रीचे परवाने असलेल्या वस्त्या वेगळ्या होत्या. १९५६ चा कायदा १९५८ मध्ये पूर्ण लागू झाला आणि त्या वस्त्या संपल्या. पण सगळे स्वच्छ होते असे मी सांगणार नाही. पूर्वी गरीब आईबाप कर्जापायी मुलींना या घरांत विकत. आणि २०२२ मध्ये एका माजी माइकोने जाहीरपणे लिहिले, की वय भरण्याआधी तिला दारू पाजली, अंगाला हात लावला. त्यावर इथे पुष्कळ चर्चा झाली." इतके सरळ उत्तर आम्हाला अपेक्षित नव्हते.

बोलत बोलत हानामिकोजी रस्त्यावर आलो. लाकडी जाळीच्या दुमजली घरांच्या रांगा, भिंतीशी बांबूच्या वाकवलेल्या कामट्यांचे कुंपण, दारांवर लाल गोल माळेची खूण असलेले कंदील. गियोनच्या या भागाची ती निशाणी आहे. रस्त्यात गर्दी खूप, पण बाजूच्या गल्ल्या शांत. तोंडाशी पाट्या : खासगी रस्ता, आत येऊ नये, आल्यास १०,००० येन दंड. पर्यटक माइकोंच्या मागे धावत, बाही ओढत, तोंडासमोर कॅमेरा धरत. म्हणून २०२४ पासून रहिवाशांनी या गल्ल्या बाहेरच्यांना बंद केल्या.

पाटी वाचून आम्ही "बरोबर केले" असे म्हणालोही. तेवढ्यात त्याच गल्लीतून एक माइको बाहेर आली. पांढरा रंगवलेला चेहरा, केसांत रेशमी फुले, पाठीवर घोट्यापर्यंत लोंबणारा पाच मीटर लांबीचा पट्टा, पायांत उंच लाकडी खडावा. नजर खाली, पावले झपझप. आणि आमचा मोबाईल वर गेला. आपांना दाखवू, इतकाच विचार होता. बाईंनी काही न बोलता आपला झेंडा आमच्या मोबाईलसमोर धरला. मुलगी निघून गेली. मग त्यांनी हळूच विचारले, "तुम्ही शिक्षक आहात ना? ती सोळा-सतरा वर्षांची आहे. कामावर निघाली आहे."

सोळा वर्षांची, म्हणजे आमच्या दहावी-अकरावीच्या मुलींएवढी. गेल्याच वर्षी शाळेच्या फाटकाबाहेर मुलींचे चोरून फोटो काढणाऱ्या चार मुलांना आम्ही वर्गात उभे करून तासभर सुनावले होते. नजर खाली ठेवावी हे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, आम्हीही शिकवतो. तिथे नजर खाली होती ती त्या मुलीची. आमची नव्हती. आम्ही बाईंची माफी मागितली. त्या वाकून म्हणाल्या, "पुष्कळांचे होते." त्याने आमची लाज काही कमी झाली नाही.

जेवण नदीपलीकडे पोंतोचो गल्लीत होते. दोन माणसे खांद्याला खांदा लावून जेमतेम जातील इतकी ती अरुंद. इथल्या कंदिलांवर पाणपक्ष्याची खूण असते. दुकानात आठच खुर्च्या, समोर फळीवर वाडग्यांतून मांडलेल्या घरगुती भाज्या, ज्यांना क्योटोत ओबान्झाई म्हणतात. डुक्कर आणि दारू चालत नाही हे पुतण्याने आधीच कळवले होते. आम्हाला वाटले, भाज्याच आहेत, काय अडचण? पण म्हातारे मालक एकेका वाडग्याकडे बोट दाखवून मान हलवू लागले. वांगी शिजवताना मिरिन घातले होते; ही तांदळाची गोड दारू जपानी स्वयंपाकात साखरेसारखी वापरतात. भोपळ्यात साके होती. पाचांपैकी तीन वाडगे त्यांनी स्वतःच मागे सरकवले. न सांगते तर आम्ही खाल्लेही असते.

मग त्यांनी समुद्री शेवाळाच्या पाण्यात टोफू उकळून आले-मिठासोबत दिला, साधा भात दिला, सुगुकी नावाचे फक्त मिठात मुरवलेले सलगमाचे लोणचे दिले. सोया सॉस मुरताना त्यात थोडा मद्यार्क तयार होतो आणि त्याबाबत मते वेगळी आहेत, म्हणून आम्ही मीठच मागितले. शेवटी जाळी धुऊन मीठ लावलेला मासा भाजला. साबा, म्हणजे आपल्या बांगड्याचा भाऊबंद! क्योटोला समुद्र नाही. जुन्या काळी वाकासाच्या किनाऱ्यावरून हा मासा मीठ लावून, पाठीवर वाहून, डोंगरांतून सत्तरेक किलोमीटर पायी आणत. त्या वाटेचे नावच 'साबाची वाट'. आमच्या कोकणातून खारवलेली मासळी घाटावर जाते हे आम्ही सांगितले, बाईंनी भाषांतर केले, तेव्हा म्हातारे इतके खूश झाले की आणखी एक तुकडा ताटात आला.

कोणी जाणार असेल तर दोन गोष्टी सांगतो. फक्त "डुक्कर नको" म्हणून भागत नाही. मिरिन आणि साके नको हे जपानी भाषेत चिठ्ठीवर लिहून घ्यावे आणि आगाऊ कळवावे. मासा, टोफू, भात सगळीकडे मिळतो, आणि हलालची पाटी लावलेली रामेनची दुकानेही क्योटोत आता आहेत. माइको पाहायच्याच असतील तर त्यांचे नाचाचे कार्यक्रम तिकीट काढून पाहावेत. मियाको ओदोरी हा १८७२ पासूनचा कार्यक्रम दर एप्रिलमध्ये होतो.

घरी आल्यावर आपांनी सगळे ऐकून घेतले. "कष्टाळू पोरी दिसतात," म्हणाल्या, आणि लगेच, "फोटो दाखव." तिचा फोटो नाही म्हटल्यावर थोड्या रुसल्या.

शाळा सुरू झाली त्या दिवशी दहावीच्या वर्गावर गेलो. ती चार मुले आता याच वर्गात आहेत. त्यांच्याकडे न बघता आम्ही गियोनची गोष्ट सांगितली. पाटी, माइको, झेंडा आणि आमचा मोबाईल, काही न वगळता. वर्ग गप्प होता. तास संपल्यावर चौघांतला एक दाराशी थांबला. "सर, मग तुम्ही त्या बाईंना काय म्हणालात?"

"माफी मागितली," आम्ही सांगितले.

तो थोडा वेळ उभा राहिला, मग मान हलवून गेला.