रुळेल म्हणण्याआधी

एअर पिस्तुलावर शिकलेला नेमबाज 25 मीटरच्या प्रकाराकडे वळतो, तेव्हा त्याच्या आणि पुढच्या गोळीच्या मध्ये पहिल्यांदाच एक यंत्र येतं. तोवर 4.5 मिलिमीटरचा छर्रा तो स्वतःच्या बोटांनी भरत असतो. आता मॅगझीनमध्ये पाच काडतुसं असतात आणि झाडलेल्या काडतुसाच्या जोरावरच पुढचं काडतूस चेंबरमध्ये जातं. नवं पिस्तूल नेमकं इथे अडतं, आणि उत्तर ठरलेलं असतं : ‘नवं आहे, रुळेल.’ यात तथ्य आहे. नवी स्प्रिंग ताठ असते, घासणारे भाग अजून गुळगुळीत झालेले नसतात. सौम्य दारूचं काडतूस पिस्तुलाच्या सरकत्या बोल्टला पुरतं मागे ढकलू शकत नाही. पण रुळण्याने जाणारा दोष काडतुसांगणिक कमी व्हायला हवा, आणि तो सगळ्या मॅगझीनमध्ये दिसायला हवा. एकाच मॅगझीनने तो होत असेल, तर वाट पाहणं म्हणजे दोष जपणं. या पिस्तुलाच्या पॉइंट टू-टू काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. भरताना वरच्याची कड खालच्याच्या मागे राहिली, तर पुढे सरकताना ती अडकणारच. काडतुसाचं टोक चेंबरच्या तोंडाशी रुतलं असेल, तर मॅगझीनचे ओठ आधी तपासावेत. रिकामी पुंगळी बाहेर पडण्याच्या खिडकीतच उभी राहिली, तर कमी जोर, साचलेली काजळी किंवा सैल मनगट. अडकण्याची जागाच बहुतेकदा कारण सांगते, म्हणून घाईने बोल्ट ओढणं मला पुरावा पुसण्यासारखं वाटतं.

स्पर्धेत एवढी सवड कुठे, असं कोणी म्हणेल. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण मिळवलं त्या 25 मीटरच्या प्रकाराच्या जलद टप्प्यात एका गोळीला तीनच सेकंद मिळतात. पण तिथला नियमही हेच सांगतो : रेंज ऑफिसरने पाहण्याआधी नेमबाजाने यंत्राला हात लावला, तर तो बिघाड ग्राह्य धरत नाहीत. नळी लक्ष्याकडे, बोट ट्रिगरबाहेर, आणि थांबायचं. सरावात तर सवडच सवड असते. मॅगझीनवर आकडे घालावेत, प्रत्येक अडथळा वहीत लिहावा, एका वेळी एकच गोष्ट बदलावी : आधी काडतुसं, मग मॅगझीन, मग पकड. कानस मात्र अगदी शेवटी : घासलेलं लोखंड परत येत नाही. ती वेळ आलीच, तर काम शस्त्र-कारागिराचं, आणि त्याच्यापुढे ही वही ठेवावी.