नोंदवही आणि क्षितिज

वसतिगृहाच्या गच्चीवरून व रिठदच्या शिवारातून आम्ही आणि आमच्या विद्यार्थ्यांनी टिपलेल्या आकाशाच्या छायाचित्रांची नोंदवही यंदा पूर्ण झाली. छायाचित्रे ३१२ भरली. वस्तू मात्र ४७. एकट्या कृत्तिकांचीच २९ छायाचित्रे निघाली. वस्तू मोजायच्या तर ‘एक’ कशाला म्हणावे, हे आधी ठरवावे लागते. मृगातील तेजोमेघाच्या एकाच छायाचित्रात मेसिएच्या यादीतील ४२ व ४३ या दोन्ही नोंदी येतात. वस्तुतः मेघ एकच. मध्ये धुळीचा काळा पट्टा आहे. आम्ही दोन मोजल्या आणि शेऱ्यात कारण लिहिले. इतिहासाच्या अभ्यासकाला शेऱ्याविना नोंद पुरत नाही.

चार्ल्स मेसिए हा धूमकेतूंचा शोध घेणारा फ्रेंच निरीक्षक. धूमकेतूसारखे दिसणारे, पण जागचे न हलणारे धूसर ठिपके फसवू नयेत, म्हणून त्याने त्यांची यादी केली. १७८१ मध्ये तिच्यात १०३ नोंदी होत्या. पुढील अभ्यासकांनी त्या ११० केल्या. आजही हौशी निरीक्षक आपला संग्रह याच यादीशी ताडून पाहतात. आमच्या ४७ पैकी ३९ वस्तू तिच्यात सापडल्या, ८ सापडल्या नाहीत.

त्या आठांत ओमेगा सेंटॉरी आहे. नरतुरंग तारकासमूहातील हा गोलाकार तारकागुच्छ आपल्या आकाशगंगेत सर्वांत मोठा. अंधाऱ्या रात्री नुसत्या डोळ्यांनीही दिसतो. मग तो यादीत का नाही? मेसिए पॅरिसहून पाहत होता आणि तिथे हा गुच्छ क्षितिजावर येतच नाही. रिठदहून मे महिन्यातील रात्री तो दक्षिणेस सुमारे २२ अंश वर चढतो. एडमंड हॅलीने तर १६७७ मध्येच सेंट हेलेना बेटावरून त्याची नोंद केली होती.

ज्यांच्या पूर्वजांची नावे जुन्या दप्तरांत क्वचितच आली, आणि आली तीही वेठीच्या वा वतनाच्या हिशेबात, त्या मुलांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागली नाही. यादी वाचताना ती करणारा कुठे उभा होता, हे विचारायला ती शिकली. म्हणून नोंदवहीत दोन रकाने वाढवले: कुठून पाहिले आणि कोणी पाहिले. दुसऱ्यात प्रत्येक मुलामुलीचे पूर्ण नाव आहे.

आमच्या यादीलाही क्षितिज आहे. मॅगेलनचा लहान मेघ रिठदला कधीच उगवत नाही. त्याच्या नावापुढील जागा कोरी ठेवली आहे. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी दक्षिण गोलार्धात गेल्यास त्याचे छायाचित्र अवश्य पाठवावे. सोबत गाव आणि स्वतःचे नाव लिहावे.