भारी

पुण्याच्या आमच्या व्याह्यांनी एकदा विचारलं, "तुमच्या यवतमाळचा विमानतळ कुठला हो?"

मी म्हटलं, "भारी."

"ते असेल हो, पण आहे कुठं?"

भारी हे गावाचं नाव आहे हे पटवायला मला दोन कप चहा लागले. तिथं रोजचं प्रवासी विमान काही उतरत नाही. निवडणुका आल्या की पुढारी तेवढे उतरतात. आम्ही मुळात शकुंतलेच्या वेगाची माणसं. यवतमाळ ते मूर्तिजापूर ११३ किलोमीटर जाणारी ही आमची छोटी रेल्वे १९९४ पर्यंत वाफेच्या इंजिनावर चालली आणि पुढं डिझेलवर चालून बंदही पडली. तिच्या बाबतीत थांबायची चिंता कोणी केली नाही. चिंता असायची ती निघायची.

अशा गावात माझ्या भाच्यानं पायलट व्हायचं ठरवलं. दोनशे तास विमान उडवल्याशिवाय परवाना मिळत नाही, आणि तासाचा भाव ऐकून माझं विमान जमिनीवरच हेलकावे खाऊ लागलं. कर्जाला जामीन कोण? तर मामा! काळजी पैशांची नव्हती (होती, पण ती नंतर सांगायची). काळजी अशी की, या मुलानं दुसऱ्या वर्षाला इंजिनिअरिंग सोडलं होतं. उद्या विमानही सोडलं तर?

त्यात १४ सप्टेंबर २०२३. पोळ्याचा दिवस. पुरणपोळी खाऊन टीव्ही लावला, तर मुंबईत भर पावसात विशाखापट्टणमहून आलेलं छोटं लिअरजेट उतरताना धावपट्टी सोडून घसरलेलं! आतली आठही माणसं वाचली, पण आमच्या ताईचा घास हातातच राहिला.

"काहून रे, विमानाले ब्रेक नसते काय?"

"असतात आई. पण ओल्या पट्टीवर चाकं पाण्यावर तरंगतात. मग ब्रेक काय करील?"

ताईचं समाधान झालं नाही. माझं तर नाहीच. दुसऱ्या दिवशी भाच्याला स्कूटरवर मागं बसवलं आणि भारीला निघालो. कर्ज काढण्याआधी निदान पट्टी तरी बघावी, कुंपणाबाहेरून का होईना!

बोलण्याच्या नादात वळण मागं पडलं. "मामा, पुढं जाऊन वळवा," असं भाचा म्हणत होता. पण चुकलं हे कबूल करून पुढं जाणं माझ्या रक्तात नाही. मी जागीच ब्रेक दाबला आणि हँडल फिरवलं. स्कूटर डांबर सोडून सरळ कपाशीत! सप्टेंबरातली आमची काळी माती ही काय चीज आहे ते पुण्याला कळायचं नाही. तिनं पुढचं चाक निम्मं गिळलं आणि माझी एक चप्पल पूर्ण.

"बेस्ट," भाचा म्हणाला. "न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर पट्टीच्या टोकाला मुद्दाम ठिसूळ काँक्रीटची गादी केली आहे. १९९९ साली एक छोटं विमान पट्टी संपून पुढं गेलं, ते तिच्यात रुतून थांबलं. तीस माणसं वाचली."

"आपल्याकडं ती फुकट आहे," मी चप्पल शोधत म्हटलं.

चिखल खरवडता खरवडता त्यानं सगळं समजावलं. विमान उंचावरून आणि जास्त वेगानं आलं की लवकर टेकतच नाही. जमिनीलगतच्या हवेवर तरंगत राहतं आणि खालची पट्टी सरत जाते. वेग दहा टक्के जास्त, तर थांबायला एकवीस टक्के जास्त जागा! सावकारी व्याजच की हे.

"मग अशा वेळी करायचं काय?"

"उतरायचं नाही. इंजिनाला पूर्ण जोर द्यायचा, वर जायचं, चक्कर मारून पुन्हा यायचं."

"आणि आत बसलेले काय म्हणतील?"

"उशीर झाला म्हणतील."

"नामुष्की नाही वाटत?"

"वाटते ना. म्हणून तर कित्येक जण तसेच उतरतात."

मी गप्प झालो. नोकरीला लागल्यावर आठव्या दिवशी मला कळलं होतं की हे आपलं काम नव्हे. चौतीस वर्षं तीच केली. निरोपाच्या समारंभात साहेबांनी माझ्या चिकाटीचं कौतुक केलं तेव्हा मी शालीच्या घडीकडं बघत होतो.

"इंजिनिअरिंग सोडलंस तेव्हा घरी काय म्हणाले रे?"

"तुम्हीच म्हणाला होता ना मामा, पोरगं वाया गेलं!"

कुंपणापलीकडं धावपट्टी ओली, रिकामी पडली होती. स्कूटर काढायला शेतकऱ्यानं बैल दिला नाही. पाडवा होता, पोळ्याची झूल अजून उतरली नव्हती. शेवटी तिघांनी मिळून ढकलली.

पुढच्या आठवड्यात बँकेत गेलो. जामीनदार म्हणून सही ठोकली. इतकी जोरात, की ती छापील चौकट ओलांडून खालच्या रकान्यात गेली.

"आजोबा, बाहेर गेली," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "दुसरा फॉर्म घ्या."

भाच्यानं खोकल्यासारखं केलं. मी दुसरा फॉर्म घेतला.