वंशावळीत न मावणारी बाई

धुळे जिल्ह्यात तापीकाठी थाळनेरला फारुकी सुलतानांच्या घुमटाकार कबरी आहेत. १३८२ ते १६०१ खानदेशावर राज्य केलेलं हे घराणं आपला वंश थेट अरबस्तानातल्या खलिफा उमर यांच्याशी जोडी. वंशावळ बापाकडून चालते. आई कुठली, चुलीपाशी कोणती बोली, याची तिथे दखलच नसते. कुणी म्हणेल, दावा सत्तेसाठी होता, सोडून द्या. असेलही. पण त्या घरातल्या लेकी तोच दावा ऐकत वाढल्या असणार, आणि कानावर इथलीच बोली. त्यांनी स्वतःला अरब म्हणावं की खानदेशी? यावल-रावेरकडचे तडवी भिल्ल मुसलमानही आहेत आणि आदिवासीही. तिथे हा प्रश्न तितका टोकदार वाटत नाही. राजघराण्यात मात्र निवडच करावी लागत असेल, आणि ती बाईला विचारून होत नसेल.