खाऱ्या विहिरीकाठी बोरकर

बा. भ. बोरकरांचा 'दूधसागर' पहिल्यांदा वाचला तो नांदगाव पेठेत, मे महिन्यात. समुद्र तोवर पाहिला नव्हता. पराटी उपटून रिकामं झालेलं वावर उन्हानं फाकलं होतं. भेग अशी की हात कोपरापर्यंत आत जावा आणि तळाशी बोटांना गारवा लागावा. हातात 1947 सालचा संग्रह, आणि जुवारीकाठच्या बोरी गावच्या कवीचं जग. माड, खाडी, पुळण, यांतलं काहीच माझ्या ओळखीचं नव्हतं. कवितेची लय तेवढी कानात राहिली.

ओळख पटली ती मामाच्या गावी, दर्यापूर तालुक्यात. नावातच दर्या. अंगणातल्या विहिरीतून पोहरा काढला, ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलो. मामी म्हणाली, "खारं हाये ते बापू. दाय नाई शिजत त्याच्यात." पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा या तिन्ही जिल्ह्यांत पसरलेला आहे. तिथल्या बायांनी गोड्या पाण्याच्या एका हंड्यासाठी किती पायपीट केली, ते त्यांच्या टाचांना विचारावं. त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. मीठ आता शब्दात नव्हतं, जिभेवर होतं.

पुढे कळलं की बोरकर गोव्याच्या मुक्तिलढ्यात उतरले आणि त्यांना काही वर्षं गोव्याबाहेर काढावी लागली. पुण्यात आकाशवाणीची नोकरी, आणि मनात गोवा. त्यांचा गोवा 1961 च्या डिसेंबरात मुक्त झाला. म्हणजे ज्याच्या कवितेत आपण समुद्र शोधतो, तोही काही काळ समुद्रापासून लांबच होता. डोळ्यांपुढे नसलेली माती, नसलेलं पाणी शब्दांत जागं ठेवणं ही त्याची साधना होती. हे कळल्यावर आमच्यातलं अंतर मला परकं वाटेनासं झालं.

मग मी माझ्या वावराकडे नीट पाहू लागलो. काळी माती उन्हात आक्रसते, उघडते. मृगाचं पाणी प्यायली की फुगते आणि भेगा आपोआप मिटतात. वर्षाला एक ओहोटी, एक भरती. लहानपणापासून हे पाहत आलो होतो, पण त्याला भरती म्हणावं हे बोरकरांनी सुचवलं. विठ्ठल वाघांची 'काया मातीत मातीत' तर आमच्याच बोलीतली. पण तीही मला खरी उमगली ती समुद्राच्या कवितेवरून परतल्यावर.

नंतर समुद्र पाहिला. लाट पायाशी आली तेव्हा वाकून पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं. मामीची विहीर आठवली.

निसर्गाची कविता वाचायला त्या निसर्गात जन्मावं लागत नाही. आपल्या पायाखालच्या मातीची चव मात्र ठाऊक हवी. बोरकर उघडण्याआधी आपल्या विहिरीचं पाणी एकदा जिभेवर घेऊन बघा.